पक्षाघातानंतरचा ‘नॉर्मल’ अहवाल

माननीय संपादक महोदय,

दरवर्षी २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनाच्या सुमारास रुग्णाला लवकरात लवकर इस्पितळात नेण्याविषयी वृत्तपत्रांतून आवर्जून लिहिले जाते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येत असल्याने ते लिहायलाच हवे. मात्र रुग्ण घरी परतल्यावर जी वर्षे सुरू होतात, त्यांत घरची माणसे हात किती उचलला जातो आणि पाय किती फरफटतो एवढेच पाहत राहतात. रक्तातील चरबीच्या अहवालाकडे फारसे कोणी पाहत नाही आणि पाहिले तरी तो चुकीचा वाचला जातो. मीही तो चुकीचाच वाचला होता.

माझ्या पत्नीला मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला, तेव्हा इस्पितळातील तपासणीत तिचे एलडीएल कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारी ‘वाईट’ चरबी, १४८ निघाले आणि त्या आकड्यापुढे प्रयोगशाळेने ठळक फुली छापली होती. तीन महिन्यांनी डिचोलीत पुन्हा रक्त तपासले, तेव्हा आकडा ९६ वर आला. छापील मर्यादा ‘१०० पेक्षा कमी’ अशी असल्याने फुली नाहीशी झाली आणि, सांगायला संकोच वाटतो, मी समाधानाने कोलेस्टेरॉल कमी करणारी अॅटोर्व्हास्टॅटिनची गोळी बंद केली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळीपुढे नुसते ‘चालू ठेवणे’ असे लिहिले होते. कशासाठी आणि कधीपर्यंत, हे ना कोणी सांगितले, ना मी विचारले.

दीड महिन्याने आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या हे लक्षात आले. अहवालावरची मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. मानेच्या वा मेंदूच्या धमनीत चरबीचे थर साचून ज्याला एकदा झटका आला आहे, त्याचे एलडीएल ७० च्या खाली ठेवायचे असते, असे त्यांनी समजावून सांगितले. घरी येऊन मी थोडे वाचन केले. फ्रान्स आणि दक्षिण कोरियातील अशा २,८६० रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये छापून आलेल्या चाचणीत एका गटाचे एलडीएल ७० च्या खाली, तर दुसऱ्याचे ९० ते ११० च्या दरम्यान ठेवण्याचे उद्दिष्ट होते. पुन्हा पक्षाघात, हृदयविकार किंवा तत्सम गंभीर घटना पहिल्या गटात ८.५ टक्के, तर दुसऱ्यात १०.९ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडल्या. ज्या ९६ वर मी निर्धास्त झालो होतो, तो आकडा नेमका दुसऱ्या गटातला होता. अर्थात हे रक्तवाहिनी तुंबल्याने होणाऱ्या पक्षाघाताबद्दल आहे. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचा निर्णय वेगळा असू शकतो व तो डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावणारी वाटली. डॉक्टरांनी अहवाल हातात घेण्याआधी पत्नीचे वजन विचारले. सुरुवातीचे दोन महिने तिला नीट गिळता येत नव्हते, पातळ पेजेवरच दिवस निघत होते आणि वजन ५८ किलोवरून ५१ वर आले होते. काही निरीक्षणांत कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार) कमी असलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांची प्रगती उलट मंद आढळली आहे. त्याचा अर्थ चरबी वाढवली की माणूस लवकर चालू लागतो, असा नव्हे. कमी आकड्यामागे बऱ्याचदा उपासमार, जंतुसंसर्ग किंवा दीर्घ आजाराने आलेला अशक्तपणा दडलेला असतो. म्हणजे खाली आलेला आकडा गोळीने आणला की पोट न भरल्याने आला, हे वजनाचा काटा पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरी मात्र येणारे-जाणारे सगळे नारळावरच घसरत होते. हुमणात (माशांच्या आमटीत) खोबरे कमी घालावे हे मला मान्य आहे, पण गोळी बंद आहे की चालू, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही.

माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. तालुक्याच्या ठिकाणी व्यायामोपचारासाठी येणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णाच्या फाइलमध्ये एलडीएल, त्या रुग्णासाठी ठरवलेले उद्दिष्ट आणि वजन हे एकाच पानावर नोंदवले जावे, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत व त्यानंतर ३ ते १२ महिन्यांनी तपासणी व्हावी. तसेच प्रयोगशाळांनी अहवालाच्या तळाशी, पक्षाघात वा हृदयविकार होऊन गेलेल्यांना ही मर्यादा लागू नाही, अशी एक ओळ मराठीत आणि कोकणीत छापावी. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही की वेगळा खर्चही येत नाही.

तोपर्यंत पत्नीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मीच पेनाने ‘७० च्या खाली’ असे लिहून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, डिचोली