बसलेल्या माणसाचं पाणी

प्रिय अव्या,

आठ महिने झाले. मी मोजले, कारण तू मोजले असणार याची खात्री होती. तुझा फोन मी दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा तू केला नाहीस, आणि बरोबरच केलंस. तब्येत ठीक आहे. साखर जरा वर, उजवा खांदा जरा खाली, बाकी सगळं जिथल्या तिथे. वहिनींचं ऑपरेशन नीट पार पडलं हे मन्याकडून कळलं. तेव्हाच विचारायला हवं होतं, नाही विचारलं. शिव्या घाल, पण आधी हे पत्र वाच.

गेल्या रविवारी मी कलत्या झाडाच्या डोहावर गेलो होतो. तिथे माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती सांगायला माणूस नाही. घरच्यांच्या मते मी दोराच्या टोकाला खोटी माशी बांधून, काठावर उभा राहून पाण्याला चाबूक मारतो आणि कष्टाने धरलेला मासा परत सोडून देतो, म्हणजे मुळातच वेडा. त्यात आणखी एक वेडेपणा केला तर त्यांना कळणार कसा? बंड्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बरं, मग?" या "बरं, मग?"चीच भीती वाटते. राहिलास तू.

रविवारी कशाला गेलास, हे तू आता मोठ्याने म्हणालास. मला ऐकू आलं. आठवडाभर सुटका नव्हती, म्हणून गेलो. पावणेपाचला, अंधारात पोचलो तर अकरा गाड्या उभ्या. अकरा! तिथे दोन गाड्या दिसल्या की तू "जत्रा भरलीय" म्हणून मला परत फिरवायचास, आठवतं? एकाच्या टपावर हवा भरलेली होडी, दुसऱ्याच्या डिकीतून गाणी. आणि सगळे घाईत. वेडर्स, त्या पाण्यात उतरायच्या विजारी, चढवताना एका पायावर उड्या मारत एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होते, कोण आधी पायवाटेला लागतो म्हणून. मीही मारल्या उड्या. आपण एकमेकांना पाण्यात पाहायला लागलोय रे, तेही पाण्यात उतरायच्या आधी.

पहिल्या खळाळावर तिघं, एकमेकांपासून काठीच्या अंतरावर. एकाचा मागचा कास्ट, मागे झोकलेला दोर, दुसऱ्याच्या टोपीवरून जात होता. तिघांच्याही दोरावर गुलाबी इंडिकेटर, मासा लागला की हलणारे. होय, फुगे. तुझ्या तोंडावरचा भाव मला इथून दिसतोय. निम्फच्या, म्हणजे पाण्याखालून चालवायच्या माशीच्या, त्या वादाला मी पुन्हा हात घालणार नाही. लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात १९३८ साली थोर लोकांनी बसून त्यावर खल केला आणि निम्फची बाजू घेणाऱ्या बिचाऱ्या म्हाताऱ्या स्क्यूजला आरोपीसारखं उभं केलं. आपण तोच खटला तंबूत चालवला, फरक इतकाच की तरंगत्या माशीवाल्या तुमच्या हॅलफर्डसाहेबांचे वकील त्या रात्री पादत्राणासकट झोपले. असो. फुग्याबद्दल माझं म्हणणं नाही. तिघं तिथून हलत नव्हते याबद्दल आहे. परत येतानाही ते तिथेच, त्याच दगडांवर. मासा कधीच उठून गेलेला, आणि हे जागा धरून बसलेले.

पुढच्या वळणावर एक गाइड तीन गिऱ्हाइकं घेऊन होता. तीन चांगल्या जागा, तिन्हींवर एकेक माणूस रोवलेला, आणि स्वतः मधल्या धारेत उभा राहून हुकूम सोडत होता. एका पोराला मासा लागला, चांगला हातभर. मग सुरू झाले फोटो. मासा वर, मासा पुढे, टोपी नीट कर, आता हस. मी तुझ्या सवयीने श्वास रोखून धरला. माझा सुटला तरी मासा हवेतच. डॉक्टर नेहमी १९९२ च्या त्या प्रयोगाचं सांगायचा ना, दमवलेला रेनबो ट्राउट मिनिटभर पाण्याबाहेर ठेवला तर शंभरातले बहात्तर मेले, आणि हवेत न काढता सोडले त्यातले बारा. तेव्हा मी म्हणायचो, प्रयोगशाळेत काहीही मरतं. त्या माशाला पाण्यात टेकवला तेव्हा तो एका अंगावर कलला, थोडा वेळ तसाच राहिला, मग खोल पाण्यात गेला. पोहत गेला की वाहत गेला ते मला सांगता येणार नाही. गाइड तोवर पुढच्याला माशी बांधून देत होता.

हे सगळं बघत, मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवत मी वर चढत होतो. अण्णांचे नियम घोकत: एका वळणाला एक माणूस. दिसला तर आधी विचार, वर चाललात की खाली? वर जाणाऱ्याला मान, खाली येणाऱ्याने पाण्याबाहेर निघून त्याला वळसा घालायचा. आणि काठावर बसलेल्या माणसाला पाण्यात असलेल्यासारखंच धरायचं. याला कुठे पाटी नाही, दंड नाही. सॅमन माशांच्या नद्यांवर कशी सगळ्यांना ठाऊक असलेली रीत असते, डोहाच्या माथ्याला उतरायचं, एक कास्ट, एक पाऊल खाली, पुन्हा एक कास्ट, एक पाऊल. रांग आपोआप सरकते. इंग्लंडातल्या चॉकस्ट्रीमवर, त्या खडूच्या जमिनीतल्या नितळ नद्यांवर, नदीचे तुकडे पाडलेत, तुकड्याला ठरावीक काठ्या, खिसा रिकामा असेल तर घरी बसा. अमेरिकेत मोंटानातल्या स्मिथ नदीतून होडीने जायचं तर सोडतीत नाव निघावं लागतं. आपल्या पाण्यावर ना रांग, ना खिसा, ना सोडत. होती ती लाज, आणि ती अकरा गाड्यांना वाटून घेतली तर कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही.

सव्वाआठला डोहावर पोचलो आणि पाण्यात कुणी नाही! माझा विश्वास बसेना. झाडाखालच्या संथ पट्ट्यात, मुळाच्या जरा पुढे, एक मासा उठत होता, वर येऊन माश्या टिपत होता. घाई नाही, गडबड नाही. नाक वर, एक वर्तुळ, पुन्हा नाक. वरून करड्या पंखांच्या बारीक माश्या तरंगत येत होत्या. मी अठरा नंबरची, तशीच बारीक माशी बांधायला घेतली. चष्मा नसल्यामुळे चौथ्या प्रयत्नात दोरा गेला. आणि मान वर केली तेव्हा तो दिसला.

डोहाच्या शेपटाला, आपल्या सपाट दगडावर, एक म्हातारा बसला होता. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा. काठी मांडीवर आडवी. मांडीपर्यंत ओल चढल्याची रेघ होती, पण गुडघ्यापासून खाली वेडर्स वाळायला लागलेले. म्हणजे आत जाऊन आला होता आणि मग निदान अर्धा तास बसला होता. पाण्याला विसावा देत होता, अव्या. त्या माशाने त्याला एकदा ओळखलं असणार, म्हणून तो त्याला विसरायला वेळ देत होता. आता मासा पुन्हा उठायला लागला होता आणि तो आणखी थोडं थांबत होता. हे सगळं मला एका नजरेत कळलं. घरी येताना गाडीत मी स्वतःला सांगत होतो की मला तो दिसलाच नाही. दिसला होता.

मी काय विचार केला तेही सांगतो. बसलाय, म्हणजे त्याचं झालंय. नसेल झालं, तरी दोन मिनिटांत तो गाइड तीन नमुने घेऊन इथे थडकणारच आहे. मी नाही तर ते. मग मी का नको? आणि मी माथ्याकडून उतरलो.

पहिलंच पाऊल त्या मऊ कपारीवर पडलं, तुला माहीत आहे ती, जिथे तू घसरला होतास. पायाखालून गढूळ ढग निघाला. तो सावकाश खाली सरकला, झाडाच्या सावलीत शिरला, मुळाजवळ पसरला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो, मी माथ्यावरून, तो दगडावरून. वर्तुळं थांबली.

तो एक शब्द बोलला नाही. दोर गुंडाळला. माशी काठीच्या कडीत अडकवायला लागला, हात थरथरत होते, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. मग दगडाला धरून उठला आणि जाताना माझ्याकडे बघून हात वर केला. हात वर केला रे! जणू मी त्याला विचारलं होतं आणि त्याने जागा दिली होती. माझ्या बापजन्मात कुणी मला असं फटकावलं नसेल. मी तिथे चाळीस मिनिटं कास्ट करत होतो, कारण थांबलो असतो तर काहीतरी कबूल करावं लागलं असतं. एक मासा उठला नाही. कुठे माशी शिंकली हे शोधायला नको होतं. माशी माझीच होती.

आता तुला कळलं असेल मी हे तुलाच का लिहितोय. त्याच दगडावर तू बसला होतास. तेव्हाही मीच होतो, "अरे किती वेळ नुसता बसणार" म्हणत तुझ्या माशावर माशी टाकणारा. तू दोन महिने बोलला नाहीस आणि मी गावभर सांगत सुटलो, एका माशासाठी अव्याने मैत्री तोडली. तेव्हा तू म्हणालास, बसलेला माणूस मासेमारीच करत असतो, गाढवा. मला ते फार नाटकी वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

आणि आता मी टाकलेला डोहाचा तो फोटो. घे, काढतोच विषय. कलतं झाड दिसत होतं, मान्य. "जागेचं नाव कुठे लिहिलंय" हा माझा बचाव पोकळ होता, हेही मान्य. झाडच नाव होतं. पण एका फोटोने अकरा गाड्या येत नाहीत. २०२० मध्ये माणसं घरात कोंडली गेली आणि सुटल्यावर जी पाण्याकडे धावली ती परत गेलीच नाहीत. फोनमधल्या नकाशावर प्रत्येक पायवाट दिसते. वरून उन्हाळे असे, की दुपारचं पाणी माशांना सोसत नाही. मोंटानात पाणी सलग तीन दिवस २३ अंशांपर्यंत चढलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात, आणि ते योग्यच आहे; पण दिवसभराची माणसं मग सकाळच्या वेळात कोंबली जातात. त्या दिवशी अकरा वाजता तुझ्या थर्मामीटरवर पाणी १९ अंश होतं. मी काठीचे जोड सोडवून ती पिशवीत घातली. बाकी कुणी हललं नाही. तर हिशेब असा: अकरातली एक गाडी माझ्या फोटोची. एक तुझी, कारण डॉक्टरला पहिल्यांदा तूच नेलंस, आणि डॉक्टरने अख्खा दवाखाना आणला. उरलेल्या नऊ भांडून वाटून घेऊ.

तू निवृत्त झालास म्हणे. अभिनंदन. निरोपाच्या भाषणात रडलास असं मन्या म्हणाला, मी म्हटलं घशात माशी गेली असेल. चिनूचं परदेशाचं काय झालं? तो गुडघा बदलून घे एकदाचा, निसरड्या दगडांवर तुला धरायला माझा खांदा आता पूर्वीचा नाही. आणि ते लोकरी तळाचे बूट टाकून दे. न्यूझीलंडने ते २००८ मध्येच बंद केले, कारण ओल्या तळव्यातून एका नदीचं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं, हे तुला पाच वर्षं सांगतोय. दुसऱ्याचं वागणं तेवढं दिसतं तुला.

बुधवारी मी परत गेलो. म्हाताऱ्याला शोधायला, दुसरं काय. काय बोलणार होतो ठाऊक नाही. बारीक पाऊस होता, गाडी एकच. तो नव्हता. मी दगडावर बसलो. काठी जोडली होती, माशी बांधली नव्हती. तासाभराने झाडाखाली वर्तुळं सुरू झाली, पावसाच्या थेंबांत नीट बघितल्याशिवाय कळणार नाहीत अशी. तेवढ्यात पायवाटेवरून एक पोरगा आला. वीस-बावीसचा. काठीला गुलाबी फुगा. मी मनात म्हटलं, आता हा उतरणार. बरंच होईल, फिटेल.

तो थांबला. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, तुमचं झालं का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाला, आणि पाण्यापासून लांबून, झाडीतून वळसा घालत वरच्या वळणापलीकडे दिसेनासा झाला. फुगेवाला, अव्या! तुला सांगायला किती जड जातंय बघ. त्याला कोणी शिकवलं असेल? मी खोटं बोललो होतो, माझं झालंच होतं. मग मात्र उठता येईना. अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. मासा शेवटपर्यंत उठत होता.

पुढच्या आठवड्यात मधल्या वारी जाऊ. मंगळवार धर. गाडी मी चालवतो, तू नुसता बस.

तुझाच,
सुऱ्या

ता. क. थर्मामीटर माझ्याकडेच आहे. मी ढापलेलं नाही, तू विसरला होतास. फोनवर आधी यावरून भांडू, म्हणजे बाकीचं बोलायला सोपं जाईल.