मोर्चात पुढे पोरं, कोर्टातही पोरंच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी पुतण्याबरोबर तालुक्याच्या कोर्टात अकरावी तारीख करून आलो. पुकारा झाला तेव्हा चौदा आरोपींपैकी बारा हजर होते, सगळे पंचविशीच्या आतले. एक जण गॅरेजमधून तसाच आला होता, हाताचं ग्रीसही निघालं नव्हतं. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख पडली. ज्यांच्या निरोपावर ही मुलं २०२२ मध्ये भगवे झेंडे लावून दुचाकी फेरीला निघाली, त्या पदाधिकाऱ्यांपैकी एकही आवारात नव्हता. आरोपींच्या यादीतही त्यांचं नाव नाही.

मी विरोधक म्हणून हे लिहीत नाही. हिंदुत्ववादी पक्षाच्या युवक आघाडीत मी स्वतः नऊ वर्षं काढली आहेत. २६ जानेवारी १९९२ ला एकता यात्रेच्या शेवटी श्रीनगरच्या लाल चौकात तिरंगा फडकला, तेव्हा आमच्या बाजारपेठेत पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. देश आणि धर्म या दोन्हींबद्दल मला तेव्हा जे वाटत होतं तेच आजही वाटतं, म्हणून तर पुतण्याने संघटनेची पावती फाडली तेव्हा मीच त्याच्या आईची समजूत घातली होती. संघटनेचं नाव मुद्दाम देत नाही. अशी घरं सगळ्याच पक्षांच्या युवक आघाड्यांमागे आहेत.

त्या फेरीत ना दगड पडला, ना कुणाला खरचटलं. जिल्ह्यात जमावबंदी होती. "परवानगी वरून झालीय" असं मुलांना सांगितलं गेलं आणि ती झालेली नव्हती. मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितीत ज्यांचे चेहरे ओळखू आले, त्यांची नावं फिर्यादीत गेली. बेकायदा जमावाबद्दल भारतीय दंड विधानाची कलमं १४३ आणि १४९, शिवाय बंदीचा आदेश मोडला म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५. पुतण्या उंच आहे, लांबून झेंडा दिसावा म्हणून त्याला पहिल्या गाडीवर मागे बसवलं होतं. त्याला अठरा पूर्ण होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. अठरा पूर्ण होण्याआधी हे घडलं असतं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यामुळे असल्या गुन्ह्याचा डाग पुढच्या नोकरीत आडवा आला नसता. हे पदाधिकाऱ्यांना ठाऊक नसेल, पण मग ठाऊक करून घेणं कुणाचं काम होतं?

पोरगं तीन वर्षं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी पळतंय. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळ्याची तयारी झाली आहे. पण भरतीत चारित्र्य पडताळणी असते आणि तिथे गुन्हा दाखल आहे का, हे लिहून द्यावं लागतं. लपवलं तर फसवणूक. खरं लिहिलं तरी नेमणूक द्यायची की नाही हे नेमणूक करणाऱ्याच्या हातात राहतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल तेच सांगतो. परवा तो रकान्यासमोर पेन धरून कितीतरी वेळ बसला होता. शेवटी "काका, तुम्ही लिहा" म्हणाला. मी खरं तेच लिहिलं.

तालुकाध्यक्षांना फोन केला की उत्तर एकच, "बघतो. सरकार केसेस मागे घेणार आहे." आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून घेतं, हे खरं आहे. पण त्यासाठी सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. त्या अर्जासाठी यादी कुणी केली, गुन्हा क्रमांक कुणी दिला, विचारलं तर आमच्या तालुक्यात उत्तर नाही.

आमच्या पिढीला टिळकांचं नाव घेत घेत वाढवलं. सार्वजनिक गणेशोत्सवातले मेळे, त्यात पदं म्हणणारी तरुण पोरं, धर्म आणि देश एका मंडपात आणण्याची ती रीत आपल्याच मातीतली आहे. पण 'केसरी'तल्या मजकुराची जबाबदारी टिळकांनी स्वतःवर घेतली. १८९७ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा त्यांना झाली आणि १९०८ मध्ये सहा वर्षांसाठी मंडालेला तेच गेले. ज्याने हाक दिली त्यानेच शिक्षा भोगली.

पक्षाला जबाबदार धरता येत नाही असंही नाही. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी वीस लाखांचा दंड केला होता. मग फेरीच्या परवानगीच्या अर्जावर अध्यक्षांची स्वतःची सही का नसावी? अर्ज मंजूर झाल्याचा कागद फेरी निघण्याआधी मुलांना का दाखवू नये? आणि गुन्हा दाखल झालाच, तर निकाल लागेपर्यंत वकील पक्षाने द्यावा. आत्ता ही मुलं वर्गणी काढून वकिलाची फी भरतात. मंगळवारी माझ्या डोळ्यांसमोर पाचशे-पाचशेच्या नोटा गोळा झाल्या. गॅरेजवाल्याने तीनशेच दिले आणि उरलेले पगार झाल्यावर देतो म्हणाला.

पुढची तारीख १७ जूनला आहे. हे पत्र आपण छापलंत तर आमच्या तालुक्यातले पदाधिकारी ते वाचतील, याची मला खात्री आहे. त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांच्यापैकी एकाने तरी कोर्टाच्या पायरीशी यावं, एवढी विनंती.

आपला,
एक जुना कार्यकर्ता