मुक्कामी गाडीतली रमाबाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या म्हणजे दुपारी वेळ जात नाही अशा बायकांचं वाचन, आणि त्यापायी इतिहासाची नासाडी होते, असं एका वाचकाने मागच्या आठवड्यात आपल्या अंकात लिहिलं. मी बाई नाही. माझ्या दुपारीही कधी रिकाम्या नव्हत्या. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. आणि हे काही आजचं खूळ नव्हे, गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी 1871 ची आहे.

रणजित देसाईंची, थोरल्या माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' मी वाचली ती भिवापूरच्या पुढे एका गावी, मुक्कामी गाडीत. रात्री आठला गाडी पोचायची, सकाळी सहाला परत नागपूर. वेबिल लिहून झालं, ट्रेमधली तिकिटं आणि थैलीतले पैसे जुळले, की पुढची रात्र माझी. हिवाळ्यात टपावरून मिरचीची पोती यायची. ती उतरली तरी गाडीत ठसका राहायचाच. कानाला मफलर, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात वाचनालयाचं पुस्तक. समासात आधीच्या कुणी पेन्सिलीने 'खोटे!' लिहिलेलं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'असू दे'.

ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर पडायचा. त्याने जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं. तिसऱ्या रात्री म्हणाला, एकटा कायले वाचतं, मोठ्यानं वाच. मग रोज जेवण झालं की, "हं, मंग का झालं?" थेऊरला माधवरावांचं दुखणं विकोपाला गेलं आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती जायला निघाल्या, त्या रात्री तो उठून बसला, बिडी पेटवली आणि माझ्यावरच डाफरला, "तो मरते हे तुले मालूम होतं ना? मंग वाचलं कायले?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतं: 18 नोव्हेंबर 1772, थेऊर, क्षय, वय 27. कादंबरीत त्याच ओळीला शेकडो पानं लागतात, आणि मधल्या एखाद्या पानावर ताप उतरला की शहाणासुरता माणूसही मनात म्हणतो, वाचते बहुतेक हा. ही लबाडी आपण आपल्याशीच करतो आणि तिची मजा काही औरच आहे.

शिवाय त्यातलं प्रेम मोठं सबुरीचं. दसऱ्याला स्वारी निघाली की पावसाळ्याच्या तोंडाशी परत. मधे सगळा कारभार पत्रांचा आणि निरोपांचा. घरी आले तरी भरल्या वाड्यात नवरा-बायकोला चार शब्द बोलायची चोरी. आमच्या दोन खोल्यांत आई, वडील, दोन बहिणी होत्या. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लेखक पदरचं घालतात, मान्य. मस्तानीविषयी कागदपत्रांत थोडकंच सापडतं, 'राऊ'मधलं तिचं बोलणं इनामदारांनी लिहिलेलं आहे, हे वाचणाऱ्याला कळतं हो. पण बाजीराव 28 एप्रिल 1740 ला नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले, हे मी शाळेत नाही शिकलो. कादंबरी मिटल्यावर शोधून काढलं. रिटायर झाल्यावर थेऊरला गेलो, तर चिंतामणीचं दर्शन दोन मिनिटांत आटोपून मी रमाबाईंच्या वृंदावनापाशी अर्धा तास. सौ. म्हणाली, "तुम्ही गणपतीले आले का रमाबाईले?"

माझी तक्रार वेगळीच आहे. मी नागपूरच्या महाल भागातला. माधवरावांसाठी डोळे पुसत असतो आणि तेवढ्यात आमचे नागपूरचे राजे जानोजी भोसले हजर! 1763 साली निजामाच्या फौजेने पुणं जाळलं तेव्हा हे निजामाकडे, आणि राक्षसभुवनाच्या लढाईला पुन्हा पेशव्यांकडे. पुण्याच्या गोष्टीत नागपूरकर यायचा तो घात करायलाच. वाचताना धड पेशव्यांची बाजू घेता येत नाही, धड घरच्यांची.

आणि आमच्याकडे काय गोष्टी नाहीत? 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. वाड्यातलं सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, असं राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बाकाबाईंनी बजावलं होतं. सामान हललंच. त्या वाड्यात एखादी दासी असेलच, आणि हत्तींच्या पीलखान्यात एखादा माहूत. दोघांचं जमलेलं असेल, नसेलही. ते लेखकाने ठरवावं. सीताबर्डीच्या सिग्नलला ऑटो थांबला की मी हटकून तेच बघत बसतो: हत्तीवर बोली चालू असताना तो माहूत नेमका कुठे उभा असेल, आणि ती बघायला आली असेल का.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
महाल, नागपूर