शुक्रवारच्या मॅचआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तुझ्या नव्या संघासमोर तुझ्या जुन्या कोचचाच संघ आहे, आणि काल फोनवर तू बराच वेळ गप्प होतास. "आई, त्यांनीच शिकवलेलं त्यांच्यावरच वापरायचं?" एवढंच म्हणालास आणि कामाचं निमित्त काढून फोन ठेवलास. मला बोलताना पटकन सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

१० जानेवारी २०२२ ची रात्र आठव, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल. ही मॅच घरीच बघायची म्हणून तू जॉर्जियातल्या अथेन्सहून गाडी काढून आला होतास. सेमीफायनलला जॉर्जिया युनिव्हर्सिटी ऑरेंज बोलमध्ये मिशिगनला हरवून आली होती, अलाबामा कॉटन बोलमध्ये सिनसिनाटीला हरवून, आणि फायनल इंडियानापोलिसला. मला तेव्हा फुटबॉल नीट कळतही नव्हतं. एका बाजूला अलाबामाचा कोच निक सेबन, दुसऱ्या बाजूला जॉर्जियाचा कर्बी स्मार्ट, आणि हा स्मार्ट अकरा हंगाम सेबनच्या हाताखाली होता, हे तूच सांगितलंस. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत एक, मायामीला एक आणि अलाबामाला सलग नऊ. २०१५ च्या डिसेंबरात जॉर्जियाने त्याला हेड कोच नेमलं, तरी हातातलं काम टाकून तो गेला नाही. जानेवारीत क्लेमसनला ४५–४० हरवून अलाबामा विजेती होईपर्यंत तिचा डिफेन्स, म्हणजे बचावाची फळी, त्यानेच सांभाळली. मला त्याची ही गोष्ट सगळ्यात आवडते. तूही हंगाम पुरा करूनच निघालास, तुझ्या कोचना सगळ्यांच्या आधी स्वतः जाऊन सांगितलंस. निघताना तू काही चोरलेलं नाहीस.

त्यानंतर स्मार्ट सेबनकडून चार वेळा हरला. पहिल्यांदा तर २०१८ च्या फायनलमध्ये, अटलांटात, आपल्याच गावात. हाफटाइमला १३–० पुढे असून ओव्हरटाइममध्ये २६–२३. अलाबामाच्या त्या एक्केचाळीस यार्डांच्या विजयी पासनंतर तू जेवला नव्हतास. चौथा पराभव ४ डिसेंबर २०२१ चा, ४१–२४. आणि पाचच आठवड्यांनी पुन्हा तेच गुरू समोर.

त्या रात्री चौथ्या क्वार्टरमध्ये जॉर्जियाचे पास टाकणाऱ्या बेनेटच्या हातून चेंडू सुटला, अलाबामा १८–१३ पुढे गेली, आणि तू उशी तोंडावर धरलीस. मग त्याच बेनेटने चाळीस यार्डांचा टचडाऊन पास टाकला. शेवटचं मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा जॉर्जियाच्या रिंगोने अलाबामाचा पास मध्येच पकडला आणि ७९ यार्ड धावत सुटला. ३३–१८. १९८० नंतरचं पहिलं विजेतेपद. तू रडत होतास. माझी नजर मात्र त्या दोन कोचवर होती. मॅच संपेपर्यंत दोघांपैकी एकानेही हात राखला नव्हता.

आपल्याकडे म्हणतात की गुरूने शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी. मला ते पूर्ण पटत नाही. सेबनला त्या रात्री जिंकायचंच होतं, आणि म्हणूनच स्मार्टच्या जिंकण्याला किंमत आली.

हे मला माझ्या खो-खोतून कळलं. तुला कधी सांगितलं नाही. सांगलीत शाळेच्या संघात सरांनी मला घडवलं. पुढे कॉलेजच्या संघातून खेळताना एकदा समोर सरांच्या संघातल्या मुली आल्या. शेवटच्या पाळीत त्यांची एक पोर माझ्या हाताच्या टप्प्यात होती, सूर मारला असता तर बाद होती. मी मारला नाही. सर कडेला उभे होते आणि त्यांच्यासमोर मला ते जमलं नाही. आम्ही हरलो. पाया पडायला गेले तर सरांनी एवढंच विचारलं, "सूर का नाही मारलास?" मला उत्तर देता आलं नाही. ते प्रेमाने पाठीवर हात ठेवतील असं वाटलं होतं. ते नुसते बघत राहिले. आजही ती नजर आठवली की पोटात कालवतं. माझ्या संघातल्या मुलींचं तर मी त्या वेळी मनातही आणलं नव्हतं.

तुझ्याकडेही आता पोरं आहेत. ती जुन्या कोचची नाहीत, तुझी आहेत.

राहिलं जुन्या कोचच्या सिग्नलचं, म्हणजे मैदानाबाहेरून चाल कळवायच्या खुणांचं. ते डोक्यातून पुसता येणार नाहीत, आणि तू इकडे आलास म्हटल्यावर त्यांनी ते बदललेही असतील. तेवढं त्यांना कळतं. समोरचा डिफेन्स कसा उभा राहिलाय ते वाचायची नजर त्यांनी दिली, पण ती आता तुझी आहे, बिनदिक्कत वापर. त्यांच्या हस्ताक्षरातली ती निळी वही मात्र उघडू नकोस. तुझ्या कपाटात खालच्या खणात होती, मी काढून ठेवली आहे. शुक्रवारी घेऊन येते, मॅच झाली की तू स्वतः त्यांच्या हातात दे. बेसनाचे लाडूही करते आहे, दोन डबे. एक त्यांचा. मागे त्यांनी सहा खाल्ले होते.

बाबा ऑफिसातून परस्पर स्टेडियमला येतील. आम्ही तुमच्या बाजूला, वरच्या रांगेत बसू. थंडी आहे, जाड जॅकेट घाल.

तुझी,
आई