जुन्या वाड्याला धुराडं हवं

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारी धाकटी लेक मला पेठेतल्या एका वाड्यात जेवायला घेऊन गेली. वाडा दुरुस्त करून चौकाभोवती खाण्याचे दहा-बारा गाळे थाटलेत. माझी उभी हयात बांधकामावर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे बसायच्या आधी भिंतीवरून हात फिरवला. चक्क चुन्याचा गिलावा! जुन्या विटांना चुनाच मानवतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट लावलं की ती आतच कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. ज्यांनी हे जाणून केलं, त्यांचं मनापासून कौतुक.

थालीपीठही खमंग होतं, वर लोण्याचा गोळा. पण जिना चढताना सागवानी तुळईला बोट लावलं आणि जीव हळहळला. बोट काळं, तेलकट. खाली भजी तळतात तिथे धुराडंच नाही! कडेच्या खांबांना तर ऑइलपेंट फासलाय. लाकडाला जवसाचं तेल पुरलं असतं.

आपली मंडई १८८६ सालची, आजही त्याच छपराखाली भाजी विकली जाते. जुनी वास्तू वापरात राहिली तरच टिकते, हे मला मान्य आहे. म्हणूनच पालिकेला कळकळीची विनंती, अशा वाड्यांत चूल पेटवायची परवानगी देण्याआधी धुराची वाट आणि लाकडाची निगा तपासावी. गाळेवाल्यांनीही तुळया दर महिन्याला पुसून घ्याव्यात.

– एक निवृत्त ओव्हरसिअर, शुक्रवार पेठ, पुणे