ढोल-ताशा पथकांच्या उन्हाळी दौऱ्यांची तयारी होळीपासूनच व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

होळी आटोपली की नागपुरातील ढोल-ताशा पथकांचा उन्हाळी हंगाम सुरू होतो. गुढीपाडव्याची शोभायात्रा, रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिरातून निघणारी शोभायात्रा, महाराष्ट्र दिन आणि त्यानंतर मे महिन्याच्या अखेरपर्यंत लग्नसराईतील वराती अशी एकामागून एक वादने असतात. त्यातील कित्येक सुपाऱ्या शहराबाहेरच्या असतात. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया आणि कधी राज्याची सीमा ओलांडून छिंदवाडा किंवा रायपूरपर्यंत मुलेमुली बसने जातात, वादन करतात आणि रात्रीच परत निघतात. माझी एकोणीस वर्षांची मुलगी गेली तीन वर्षे अशाच एका पथकात ताशा वाजवते. तिच्या वादनाचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात पूर्व विदर्भातील एका गावी त्यांचे पथक वरातीसाठी गेले होते. वरात साडेचारला निघणार म्हणून बस भर दुपारी बाराला नागपुरातून सुटली. तेथे पोहोचल्यावर यजमानांकडे गडबड होती, वरात दोन तास लांबली आणि मुले मंगल कार्यालयाच्या आवारात, सिमेंटच्या भिंतीच्या हातभर सावलीत बसून राहिली. मुलींसाठी म्हणून दाखवलेल्या प्रसाधनगृहाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. वादन सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल, तेव्हा माझ्या मुलीच्या शेजारी ताशा वाजवणाऱ्या मैत्रिणीचा हात चुकू लागला. ती एरवी कधी ठोका सोडत नाही. मुलीने तिला हाक मारली, तर ती भलतेच काहीतरी बोलली आणि रस्त्यातच खाली बसली. समोरच्या घरातील एका आजींनी तिला उचलून पडवीत नेले, अंगावर बादलीभर पाणी ओतले, ओल्या लुगड्याने वारा घातला, आणि तासाभराने ती भानावर आली. त्या आजींचे उपकार आम्ही विसरणार नाही. नंतर कळले, की त्या मुलीने सकाळी नऊनंतर एक घोटही पाणी घेतले नव्हते. कारण विचारले, तर खाली मान घालून तिने एवढेच सांगितले, की पाणी प्यायले तर जायचे कुठे.

सुदैवाने त्या मुलीवर दवाखान्यात दाखल होण्याची पाळी आली नाही. परंतु भर उन्हात असंबद्ध बोलणे ही साधी चक्कर नसते, ते उष्माघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन, अंग भिजवून, वारा घालून थंड करत राहावे, कारण त्या काळातला एकेक मिनिट मोलाचा असतो. पथकातील प्रत्येक मुलामुलीला हे पाठ असायला हवे, जसे त्यांना वादनाचे हात पाठ असतात.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत इंडियाना राज्यात राहते आणि तिचा मुलगा दोन उन्हाळे तेथील ‘ड्रम कोअर’मध्ये होता. आपल्याकडील वाचकांना हा प्रकार फारसा परिचित नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. ढोल आणि पितळी वाद्ये वाजवत, मैदानावर अचूक रचना करत चालणाऱ्या तरुणांच्या या मोठ्या पथकांत साधारण बावीस वर्षे वयापर्यंतच भाग घेता येतो. त्यांच्या राष्ट्रीय पातळीवरील अजिंक्यपद स्पर्धा १९७२ पासून होत असून अलीकडे अंतिम फेरी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिस येथे होते. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ही पथके गावोगाव फिरतात. रात्री बसने प्रवास, पहाटे एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथारी, दिवसभर सराव आणि संध्याकाळी प्रयोग असा त्यांचा क्रम असतो. मैदानावरचा प्रयोग जेमतेम बारा मिनिटांच्या आतबाहेरचा असतो, पण त्याची निवड आणि शिबिरे आदल्या हिवाळ्यातच सुरू होतात आणि दौऱ्याआधी कित्येक आठवडे एके ठिकाणी राहून शरीर घडवले जाते. मी बहिणीकडे गेले असताना एक दिवस त्यांचा सराव पाहिला. प्रत्येक वादकाच्या पायाशी कॅनएवढी पाण्याची मोठी बाटली होती, पाणी पिण्याची वेळ प्रशिक्षक पुकारत होते, आणि ढोल वाजवणाऱ्या बहुतेकांच्या कानांत बोळे होते. सोबत फिरणाऱ्या ट्रकमधील स्वयंपाकघरातून दिवसाला चार वेळा जेवण मिळत होते. त्यांच्याकडचा पैसा आपल्या पथकांकडे नाही, हे मी जाणते. परंतु पाणी पुकारायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे ताल-लयीचा सराव मन लावून होतो, पण उन्हाचा सराव कोणी करून घेत नाही. अंगाला ऊन सोसण्याची सवय लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रोज थोडा थोडा वेळ उन्हात श्रम केले, तर घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि हृदयावरचा ताण उतरतो. नव्या माणसाने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाएवढेच काम उन्हात करावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, असा उष्ण जागी काम करणाऱ्यांसाठीचा नियम आहे. पथकाच्या सरावालाही तो तसाच लावता येईल. मात्र ही सवय जशी लागते, तशी आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतेही, आणि नेमकी येथेच आपली गफलत होते. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आल्या की मुले सराव थांबवतात, तीन-तीन आठवडे वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कुलरसमोर बसून अभ्यास करतात आणि शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी वरातीला उभी राहतात. त्या दिवशी ती उन्हाला नवखीच असतात, मग पथकात पाच वर्षे काढलेली का असेनात. परीक्षेच्या काळातही रोज अर्धा तास सकाळच्या उन्हात भरभर चालणे आणि परीक्षेनंतरचा पहिला आठवडा केवळ सरावासाठी राखून ठेवणे, एवढे पथकप्रमुखांनी केले तरी फार होईल.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की ती उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट समजली जाते. नागपूरकरांना ४५ चा आकडा काही नवा नाही, आणि मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, म्हणजे नवतपात, तर तो अपेक्षितच असतो. अशा दिवशी दुपारी बारा ते चार या वेळेत वादनही नको आणि बिनपंख्याच्या बसमधला प्रवासही नको. वादन चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात गेले पाहिजे. तहान लागेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. घामावाटे मीठही जाते, म्हणून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून केलेले पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे सोबत असावे. आदल्या रात्री जागरण आणि सावजीचे झणझणीत जेवण हा बेत मुलांना कितीही प्रिय असला, तरी तो परतीच्या प्रवासानंतरच ठेवावा.

मुलींच्या प्रसाधनगृहाविषयी पुन्हा लिहिते, कारण पाण्याच्या साऱ्या सूचना या एका गोष्टीपाशी येऊन अडतात. सुपारी घेताना पथकप्रमुख ढोल किती, ताशे किती, ध्वज किती, वादन किती वेळ हे सारे ठरवतात. त्याच वेळी मुलींसाठी उघडे आणि स्वच्छ प्रसाधनगृह, कपडे बदलण्याची आडोशाची खोली, पिण्याच्या पाण्याचे कॅन, वरात लांबल्यास थांबायला सावली आणि वादन सुरू होण्याची वेळ हेही लेखी घ्यावे. ज्या यजमानाला पथकावर हजारो रुपये खर्च करता येतात, त्याला एका खोलीची किल्ली देणे जड नाही. त्याला कोणी मागितलेच नाही, एवढेच.

कानांचा प्रश्न वर्षभराचा आहे, पण दौऱ्यात तो वाढतो, कारण लागोपाठच्या वादनांमुळे कानाला विश्रांती मिळत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसवतो असे मानले, तर पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्म्याने घटते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात, आणि ताशांच्या रांगेत उभ्या असलेल्या वादकाच्या कानाशी हा आकडा सहज ओलांडला जातो. वादनानंतर रात्रभर कानात किर्र आवाज येत राहणे ही अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशी दुखावल्याची खूण असते आणि त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाच्या बोळ्याने फारसे काही साधत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट पिळून आत बसवले, तर आवाज पुष्कळ कमी होतो. माझ्या मुलीला प्रथम वाटले होते की त्यामुळे टोलाचा आवाज ऐकू येणार नाही. आठ-दहा दिवसांत तिचा कान त्याला सरावला आणि आता ती ते घातल्याशिवाय ताशा गळ्यात अडकवत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, जी घरी कपडे धुताना माझ्या लक्षात आली. ताशाचे धातूचे भांडे उन्हात असे तापते, की एका वादनानंतर मुलीच्या पोटावर चंद्रकोरीसारखा लाल डाग उमटला होता. आम्ही जुन्या गोधडीचा तुकडा दुहेरी करून त्याला नाड्या लावल्या आणि तो ताशाच्या मागच्या बाजूला बांधला. आता पथकातील सगळ्या ताशांना तसे तुकडे लागले आहेत.

आपल्या दैनिकाने पथकप्रमुख, पालक आणि डॉक्टर यांना या विषयावर लिहिते करावे, अशी विनंती आहे. आमच्या मुलीच्या पथकाचा उन्हाळी सराव येत्या रविवारी सकाळी सहा वाजता सुरू होत आहे. यंदा सुपारीच्या कागदावर पाणी, सावली, प्रसाधनगृह आणि वेळ या चार ओळी वाढवण्याचे पथकप्रमुखांनी मान्य केले आहे, आणि पाणी पुकारण्याचे काम गेल्या वर्षी रस्त्यात बसलेल्या त्याच मुलीने स्वतःहून मागून घेतले आहे.

आपली विश्वासू,
एका ताशावादक मुलीची आई,
नागपूर