कुडलच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

परवा रविवारी आईला घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला गेलो होतो. भीमा-सीनेचा संगम, काठाला बाभळी आणि कडुनिंब, वर पाखरांचा आवाज. बाकी सगळं शांत. आईला ३५९ मुखांचं शिवलिंग पाहायचं होतं, मला संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवरचा शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख. ‘वाछितो विजेया होईवा’, म्हणजे हे जो वाचील तो विजयी होईल. वाचला, आणि परतताना गाडी पंक्चर! (विजय बहुधा पुढच्या खेपेला.)

ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात बाभळीखाली मेंढरं घेऊन बसलेले एक मामा उठले. काही न विचारता आईला सावलीत बसवलं, घोंगडं अंथरलं, कळशीतलं पाणी दिलं. शेजारच्या रानातून दोन मावश्या आल्या, कन्नडमिश्रित मराठीत आईशी बोलत बसल्या, आणि फडकं सोडून कडक भाकरी, शेंगाची चटणी पुढं केली. आई अजून त्या चटणीचंच सांगते. एका पोरानं माझं चाक खोलून मोटारसायकलवर गावात नेलं, तासाभरात पंक्चर काढून आणलं. त्यानं पंक्चरचे तेवढे घेतले, पेट्रोलला म्हणून पन्नास पुढं केले तर हसून निघाला.

नावं विचारायची राहून गेली, ही माझी चूक. मामा, मावश्या, आणि भावा, तुमचे मनापासून आभार. घोंगड्यावर आईचा चष्मा राहिलाय. तो न्यायला येतोच, येताना पेढे आणतो.